वाणाचे रुमाल आणि शिकाऊ हात

यंदाच्या संक्रांतीला आमच्या सोसायटीतल्या बायकांनी एका रोबोला रुमालाची घडी घालायला शिकवलं. निदान शिकवायचा प्रयत्न तरी केला!

त्याचं असं झालं. माझी पुतणी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. जानेवारीतल्या एका शनिवारी ती दोन खोकी घेऊन घरी आली. एका खोक्यात एक हात, दुसऱ्यात दुसरा. हात म्हणजे सिनेमातल्यासारखे चकचकीत पोलादी नव्हेत हं. पिवळ्या प्लॅस्टिकचे, टेबललॅम्पच्या दांड्याएवढे, सांध्यासांध्यातून वायरी बाहेर आलेल्या आणि टोकाला बोटांच्या जागी आपली सांडशी असते ना, तसा चिमटा. तिने ते डायनिंग टेबलाच्या कडेला शिकंज्याने आवळून बसवले, वर एक कॅमेरा लावला आणि म्हणाली, "काकू, मला रुमालाच्या घड्या हव्यात. निदान शंभर."

"मग इस्त्रीवाल्याकडे जा की!"

"झालेल्या नकोत गं. होताना हव्यात."

होताना हव्यात म्हणजे काय, हे कळायला मला अर्धा तास आणि दोन कप चहा लागला. त्या दोन हातांपैकी एक आपण धरायचा. तो जसा हलवू तसाच, त्याच क्षणी, शेजारचा दुसरा हात हलतो. आपण चिमटा मिटला की त्याचा मिटतो. आपण उचलला की तो उचलतो. सासूबाईंनी लगेच बारसं करून टाकलं. हा गुरू आणि हा शिष्य. रुमाल शिष्यासमोर पसरायचा, गुरूला धरून घडी घालायची. कॅमेरा सेकंदाला तीस चित्रं टिपत असतो आणि त्या त्या क्षणी प्रत्येक सांधा किती वाकला होता, याचीही नोंद होत असते. अशा पन्नास-शंभर घड्या जमल्या की त्या सगळ्या नोंदी कॉम्प्युटरला द्यायच्या. समोर असं चित्र दिसलं तर पुढची हालचाल कोणती, हे तो त्यातून शिकतो. मग गुरूला बाजूला ठेवायचं आणि शिष्याने एकट्याने घडी घालायची.

या हाताचा आराखडा २०२४ मध्ये हगिंग फेस आणि द रोबोट स्टुडिओ या कंपन्यांनी सगळ्यांसाठी खुला केला. नाव 'एसओ-१००'. कुणीही थ्रीडी प्रिंटरवर भाग छापावेत, प्रत्येक हाताला सहा मोटरी बसवाव्यात आणि सुरू करावं. एका बऱ्यापैकी मोबाइलच्या किमतीत दोन्ही हात होतात. म्हणूनच तर पोरीच्या प्रोजेक्टला ते परवडले.

माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो तुमच्याही मनात आला असेल. घडी घालायला शिकवायचं कशाला? ज्या कॉम्प्युटरने १९९७ मध्ये बुद्धिबळात कास्पारोव्हला हरवलं, त्याला रुमालाची घडी जड जावी?

जाते. फार जड जाते. हान्स मोराव्हेक नावाच्या संशोधकाने १९८८ मध्येच हे लिहून ठेवलं आहे. मोठ्या माणसांची अवघड वाटणारी कोडी सोडवायला यंत्राला शिकवणं त्यामानाने सोपं. पण वर्षाच्या बाळाला जे जमतं, बघणं, उचलणं, धरणं, तेच महाकठीण. २०१० मध्ये अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठात एका मोठ्या, महागड्या रोबोने टॉवेलच्या घड्या घालून दाखवल्या, तेव्हा केवढं कौतुक झालं! एका टॉवेलला सरासरी वीस-पंचवीस मिनिटं लागत होती. व्हिडिओ पन्नास पट वेगाने पळवला होता, म्हणून बघवला तरी. मावशींना हे सांगितलं (मावशी म्हणजे आमच्याकडे धुणं-भांडी आणि घड्या करणाऱ्या), तर त्या म्हणाल्या, "इतक्या वेळात माझी चार घरं होतात."

टॉवेल काही सोंगटीसारखा नसतो. सोंगटी घोड्याची असली की घोड्याचीच राहते. टॉवेल दर वेळी वेगळा पडतो, चुरगळतो, आपल्याच पोटात कोपरे लपवतो. त्याच्यासाठी नियम लिहायचे तर किती लिहिणार? आणि आपल्याला तरी ते शब्दांत कुठे सांगता येतात? कणीक कानाच्या पाळीसारखी मऊ भिजवावी, पोळी लाटताना हात हलका ठेवावा, फोडणी खमंग वास येईपर्यंत... आपली सगळी पाकशास्त्राची पुस्तकं अशाच वाक्यांवर उभी आहेत. मी पोळ्या पुस्तकातून शिकले नाही. आईच्या शेजारी ओट्याशी उभी राहून, तिचे हात बघत शिकले. तुम्हीही तशाच शिकला असाल.

पोळीचंच निघालं म्हणून सांगते. मूळच्या पुण्याच्या प्रणोती नगरकर यांनी सिंगापुरात पोळ्या करणारं 'रोटीमॅटिक' बनवलं. कल्पना २००८ मधली. पीठ, पाणी, तेल घातलं की आत मळणं, दाबणं, भाजणं सगळं होतं. बाई मेकॅनिकल इंजिनीअर, आणि कामही थक्क करणारं. पण ते यंत्र पोळी सोडून दुसरं काही करू शकत नाही. त्याचे सगळे अवयव पोळीसाठीच घडवलेत. पुतणीचा पिवळा हात याच्या उलट आहे. त्याला काहीच येत नाही, पण कुणी करून दाखवलं तर आज रुमाल आणि उद्या चमचे लावणं शिकेल, अशी आशा आहे. करून दाखवणारं माणूस मात्र पाहिजे. एक नाही, पुष्कळ.

पुष्कळ माणसं आणायची कुठून? इथे मला पुतणीने एका बाईची गोष्ट सांगितली. फेइ-फेइ ली. चीनमधून अमेरिकेत गेलेली मुलगी. प्रिन्स्टन विद्यापीठात शिकत असतानाच घरच्यांचं कपडे धुण्याचं, ड्रायक्लीनिंगचं दुकान सांभाळायला मदत करायची. पुढे ती कॉम्प्युटरला बघायला शिकवण्याच्या शास्त्रातली मोठी संशोधक झाली. २००९ मध्ये तिच्या गटाने 'इमेजनेट' नावाचा चित्रांचा प्रचंड संग्रह जाहीर केला. हे मांजर, ही किटली, ही छत्री, असं लाखो चित्रांवर लिहिलं कुणी? जगभरातल्या १६७ देशांतल्या ४९ हजार माणसांनी, आपापल्या घरून, चित्रामागे काही पैसे घेऊन. ॲमेझॉनने २००५ मध्ये सुरू केलेल्या 'मेकॅनिकल टर्क' या व्यवस्थेतून ही माणसं मिळाली.

हे 'मेकॅनिकल टर्क' नाव कुठून आलं माहीत आहे? १७७० मध्ये व्हिएन्नाच्या दरबारात केम्पेलेन नावाच्या गृहस्थाने बुद्धिबळ खेळणारं यंत्र दाखवलं होतं. तुर्की पोशाखातला पुतळा भल्याभल्यांना हरवायचा. खरी गंमत अशी की खालच्या पेटीत एक माणूस दडून बसलेला असायचा, तो खेळायचा! पेटीतला माणूस दिसत नाही आणि टाळ्या पुतळ्याला. हे मला फार ओळखीचं वाटलं. लग्नकार्यात पंगत उठली की 'काय छान झाली हो व्यवस्था' म्हणून टाळी कुणाला मिळते आणि मुदपाकखान्यात कोण असतं, ते आपल्याला ठाऊक आहेच.

तर, चित्रांचं जमलं तसं हातांचं का जमू नये, असं पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात फेइ-फेइ ली आणि सिल्व्हिओ सावारेसे यांच्या विद्यार्थ्यांना वाटलं. अजय मांडलेकर, युके झू वगैरे मंडळींनी २०१८ मध्ये 'रोबोटर्क' तयार केलं. घरी बसलेल्या माणसाने आपला आयफोन हातात धरून हवेत हलवायचा आणि दूर कुठेतरी रोबोचा हात तसा हलायचा. आधी कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा रोबो आणि २०१९ मध्ये खरा. त्या खऱ्या रोबोवर एका आठवड्यात ५४ जणांनी १११ तासांचं काम करून दाखवलं. तीन कामं होती आणि त्यातलं एक काय असावं? चुरगळलेले कपडे टेबलावर सरळ पसरून ठेवणं! दुकानात कपड्यांचे गठ्ठे सांभाळणाऱ्या मुलीच्या प्रयोगशाळेत शेवटी कपडेच आले, याची मला उगीचच मौज वाटली.

एवढं ऐकल्यावर सासूबाई म्हणाल्या, "अगं, मग येत्या शुक्रवारी सोसायटीचं हळदीकुंकू आहे. तेवीस जणी येणार. घे की तुझ्या घड्या करून!"

आमच्याकडे आता याला तिळगूळ समारंभ म्हणतात आणि सगळ्यांना बोलावतात, सासूबाईंसारख्यांनाही. यंदा वाण म्हणून सुती रुमाल ठरले होते. म्हणजे सगळं जुळूनच आलं. क्लबहाउसच्या कोपऱ्यात टेबल मांडलं. एकीकडे तिळगूळ, मसाला दूध, आणि शेजारी पिवळे हात. प्रत्येकीने पाच घड्या घालायच्या. घडी अगदी सोपी ठेवलेली. पसरलेल्या चौकोनी रुमालाचा पुढचा एक कोपरा धरायचा, समोरच्या तिरक्या कोपऱ्यावर नेऊन ठेवायचा. झाला त्रिकोण.

काय धमाल आली म्हणून सांगू! सुरुवातीला कुणी पुढेच येईना. "मोडलं तर?" मग तळमजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका पुढे झाल्या. त्या घडी घालता घालता रोबोशी बोलत होत्या. "हं, धर आता. असं. घाई नाही करायची." (आवाजाची नोंद होत नाही, हे त्यांना दोनदा सांगितलं. "असू दे, मला सवय आहे," म्हणाल्या.) एक डावखुरी होती. एकीने शिष्याचा हात कथकसारखा फिरवून मग कोपरा धरला, त्यावर टाळ्या पडल्या. दोघींमध्ये वाद झाला की आधी डावा कोपरा घ्यायचा की उजवा. तेवीस जणींच्या मिळून एकशे पंधरा घड्या झाल्या. त्यातल्या रुमाल सुटलेल्या, चिमटा टेबलावर आपटलेल्या बाजूला काढल्या, तेव्हा नव्वदच्या आसपास कामाच्या उरल्या.

पुतणी खूश होऊन गेली. पुढच्या रविवारी शिकून तयार झालेला शिष्य घेऊन परत आली. आम्ही रुमाल पसरला. हात उठला, ऐटीत पुढे आला, खाली वाकला... आणि डाव्या-उजव्या कोपऱ्यांच्या बरोबर मधे, जिथे धरण्यासारखं काहीच नव्हतं, तिथे त्याने चिमटा मिटला. हवेतली चिमूट उचलून पलीकडे नेऊन ठेवली. वर पुन्हा जागेवर येऊन शांत उभा! दहा वेळा केलं. आठ वेळा हेच.

असं का व्हावं? निम्म्या जणींनी डावा कोपरा धरला होता, निम्म्या जणींनी उजवा. दोन्ही बरोबरच. पण यंत्राने त्या सगळ्यांतून मधला मार्ग काढला. स्वारगेटला जायला एकीने पुढच्या चौकातून डावीकडे सांगावं, दुसरीने उजवीकडे, आणि आपण दोघींचं मन राखायला मधल्या दुभाजकावर गाडी चढवावी, तसलाच प्रकार. यावर अर्थात उपाय निघाले आहेत. २०२३ मध्ये 'डिफ्यूजन पॉलिसी' नावाची पद्धत आली, ती सरासरी काढत बसत नाही, दिसतील त्या वाटांपैकी एक पकडते आणि तिच्यावर टिकून राहते. पुतणी आता त्याच्या मागे आहे.

तोवर सासूबाईंना राहवेना. त्यांनी घरी दुपारी निवांत बसून एकटीने पंचवीस घड्या घालून दिल्या होत्या. "माझ्या वेगळ्या शिकव," असा त्यांचा हट्ट. इतक्या थोड्या घड्यांत जमणार नाही, असं पुतणी म्हणत होती, पण आजीपुढे कुणाचं चालतंय? शिकवल्या.

आणि बघतो तर काय, शिष्याने कोपरा अचूक धरला! सासूबाई दर वेळी उजवाच कोपरा धरतात ना. उचलला, अर्ध्यावर आणला आणि थांबला. एक सेकंद, दोन, पाच. हलेचना. वायर सुटली का, मोटर तापली का, पुतणीने सगळं तपासलं. पुन्हा केलं, पुन्हा अर्ध्यावर थांबला. मग तिने आजीचे व्हिडिओ लावले. प्रत्येक व्हिडिओत सासूबाई गुरूला अर्ध्यावर थांबवतात, डावा हात पुढे करून रुमालावरून फिरवतात, सुरकुती काढतात, आणि मगच घडी पुरी करतात. पंचवीसच्या पंचवीस वेळा. त्यांच्याही लक्षात नव्हतं.

शिष्य त्या हाताची वाट बघत होता!

खात्री करायला पुतणीने पुन्हा सुरू केलं. तो अर्ध्यावर थांबला. सासूबाईंनी डावा हात पुढे करून रुमालावरून फिरवला. त्यांनी हात मागे घेतला मात्र, शिष्याने घडी पुरी केली. आम्ही दोघी हसून हसून बेजार. सासूबाई मात्र गंभीर. "शहाणा आहे की. सुरकुती काढल्याशिवाय घडी घालत नाही."

तो शहाणा नाही, हे पुतणीने त्यांना समजावायचा प्रयत्न केला. त्याला सुरकुती कळत नाही. चित्रात एक हात आला आणि गेला की पुढे सरकायचं, एवढंच त्याने उचललं. शिकवणाऱ्याने काय केलं ते तो घेतो, का केलं ते घेत नाही. मला विचाराल तर आपल्यापैकीही कितीतरी जणी सासरच्या रीतीभाती अशाच शिकल्या आहेत. पण ते असो.

आता मावशींबद्दल. हे सगळं चाललेलं असताना त्या दोन दिवस केर काढता काढता बघत होत्या. तिसऱ्या दिवशी पुतणीनेच विचारलं, "मावशी, तुम्ही घालाल का पन्नास घड्या?"

मावशी म्हणाल्या, "किती वेळ लागंल?"

"तासभर."

"तासाचे किती देणार?"

पुतणी गोरीमोरी झाली. खरं सांगायचं तर मीही. तेवीस जणी, सासूबाई, मी, कुणालाच हा प्रश्न सुचला नव्हता. आम्हाला तो खेळ होता. मावशी चार घरं करतात, त्यांच्याकडे खेळायला तास नाही. शेवटी त्यांच्या स्वयंपाकाच्या तासाचा जो दर आहे, तो ठरला. त्यांनी साडी खोचली आणि बसल्या. पहिल्या आठ-दहा घड्या फसल्या, चिमट्याचा अंदाज येईना. एकदा आल्यावर मात्र एकसारख्या. तोच कोपरा, तीच उंची, तोच वेग. मधे थांबणं नाही, फिरवणं नाही. मी घड्याळ लावून बघत होते, दोन घड्यांत सेकंदाचाही फरक पडेना. रोज चार घरच्या कपड्यांच्या घड्या घालणारा हात तो!

मावशींच्या पन्नासांवर शिकलेल्या शिष्याने दहापैकी सात घड्या बरोबर घातल्या.

हा काही नुसता आमच्या घरातला योगायोग नाही. २०२१ मध्ये त्याच मांडलेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे नीट तपासून पाहिलं होतं. एकीकडे एकाच सराईत माणसाने दाखवलेली कामं आणि दुसरीकडे सहा जणांनी दाखवलेली, त्यांत दोन तरबेज, दोन बरे, दोन कच्चे. सराईताकडून यंत्र लवकर शिकतं आणि मिसळीतून शिकणं त्याला जड जातं, असं दिसलं. म्हणजे 'काय, कुणीही शिकवेल, हाताचंच तर काम' हे खरं नाही. कसब ते कसबच.

पण लगेच मावशींचा जयजयकार करायलाही जाऊ नका. सोमवारी सकाळी खिडकीतून टेबलावर ऊन आलं, तर त्याच शिष्याला दहापैकी दोनच जमल्या. मावशींनी घड्या घातल्या होत्या त्या संध्याकाळी, ट्यूबलाइटखाली. उन्हातला रुमाल त्याने कधी पाहिलाच नव्हता. चौकटीचा रुमाल दिला तर आणखी गोंधळ. इथेच गर्दी कामाला येते. निरनिराळी घरं, निरनिराळी टेबलं, निरनिराळा उजेड. २०२४ मध्ये 'ड्रॉइड' नावाचा एक संग्रह जाहीर झाला. १३ संस्थांतल्या ५० जणांनी ५६४ ठिकाणी रोबोचा हात नेऊन ७६ हजार वेळा कामं करून दाखवली, एकूण साडेतीनशे तास. २०२५ मध्ये हगिंग फेसने जो छोटेखानी 'मेंदू' तयार केला, तो तर हौशी लोकांनी आपापल्या घरी, अशाच पिवळ्या-काळ्या हातांनी करून पाठवलेल्या चारशे ऐंशीहून अधिक संचांवर शिकला. त्या संचांची एक गंमत म्हणजे काम काय केलं ते लिहायच्या जागी कित्येकांनी कायच्या काय लिहिलं होतं, कुणी नुसतं 'धर', कुणी नुसतं 'वर'. ते सगळं दुसऱ्या एका यंत्राकडून निस्तरून घ्यावं लागलं. मसाल्याच्या डब्यांवर चिठ्ठ्या न लावणारं घर सगळीकडे असतंच!

रोबोचा हात न धरताही शिकवता येईल का, म्हणून नुसते माणसांचे हात टिपण्याचंही काम चालू आहे. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल विद्यापीठातल्या दिमा डामेन या संशोधिकेने २०१८ मध्ये ३२ घरांच्या स्वयंपाकघरांत, डोक्यावर कॅमेरे लावलेल्या लोकांचं रोजचं काम टिपलं. भांडी घासणं, कांदा चिरणं, सगळं. २०२१ मधल्या 'इगोफोरडी' या संग्रहात नऊ देशांतले साडेतीन हजारांहून अधिक तास आहेत, त्यात हैदराबादच्या ट्रिपलआयटीनेही भाग घेतला. आणि २०२५ मध्ये तामिळनाडूतल्या करूरची बातमी आली. करूर म्हणजे टॉवेल-चादरींचं गाव. तिथे एका कंपनीत तरुण मुलं कपाळावर कॅमेरा बांधून, ठरलेल्या पद्धतीने टॉवेलच्या घड्या घालत बसतात. घडी चुकली की तो व्हिडिओ बाद. हे सगळं परदेशातल्या रोबोंना शिकवण्यासाठी. त्यांना पगार मिळतो, म्हणजे नोकरीच ती. तरी ते वाचल्यावर मला मावशींच्या प्रश्नाची आठवण झाली.

कारण मावशींनी तासाचे पैसे पदराला बांधल्यावर दुसरा प्रश्न विचारला होता. "ताई, हा शिकला की माझं काम जाईल का?"

पुतणीने तिला जमेल तितकं खरं उत्तर दिलं. हा हात पाण्याने भरलेली बादली सोडाच, धड तांब्याही उचलू शकत नाही. मोरी, जिने, ओल्या साड्या, गादीखालची धूळ, हे यंत्राला यायला फार वेळ आहे. पण कधीच येणार नाही, असं तिने सांगितलं नाही. मावशींनी मान हलवली. "मग शिकवायचे पैसे जास्त पाहिजेत," म्हणाल्या.

मला त्यांचं म्हणणं बिनतोड वाटतं. मावशी एकदा एक तास बसल्या. त्या पन्नास घड्या मात्र कितीही वेळा, कितीही यंत्रांना शिकवता येतील, मावशी झोपलेल्या असतानासुद्धा. इमेजनेटच्या ४९ हजारांची नावं कुणाला माहीत आहेत? आणि हे ज्ञान बायकांच्या हातात असलं की तर ते ज्ञानच धरलं जात नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईची रोजची बिनमोल मिनिटं भरली २९९ आणि पुरुषाची ९७. त्या २९९ मिनिटांना आजवर कुणी भाव दिला नाही. आता बड्या बड्या प्रयोगशाळांना नेमकं त्यातलंच कसब हवंय. मग भाव मागायची वेळ हीच नाही का?

अर्थात यंत्र येऊच नये, असं मी म्हणणार नाही. कॅलिफोर्नियातले हेन्री इव्हान्स यांना २००२ मध्ये मेंदूचा झटका येऊन हातपाय निकामी झाले. पुढे त्यांनी डोक्याच्या हालचालीने मोठा रोबो चालवून स्वतःची दाढी केली, खाज सुटली तिथे स्वतः खाजवलं. आपल्याला यात काय मोठंसं, असं वाटेल. ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे आणि रात्री तीनदा उठून कूस बदलायला एकच सून किंवा एकच मुलगी आहे, त्यांना नाही वाटणार. सासूबाई ही गोष्ट ऐकून बराच वेळ आपल्या थरथरणाऱ्या उजव्या हाताकडे बघत होत्या. "मला पेज भरवेल का गं हा?" त्यांनी पुतणीला विचारलं. "हा नाही आजी," ती म्हणाली. "पण पेज भरवायला शिकवायचं झालं तर तूच शिकव हं."

गेल्या आठवड्यात प्रोजेक्टचा अहवाल लिहून झाला. खर्चाच्या तक्त्यात मोटरी, प्लॅस्टिकचं वेटोळं, दोन कॅमेरे आणि चौथी ओळ, 'प्रात्यक्षिकाचं मानधन, एक तास'. ही ओळ कशाला, असं तिच्या गाईड सरांनी विचारलं म्हणे. तिने सांगितलं. सरांनी ती राहू दिली. घड्यांचा संच सगळ्यांसाठी खुला करण्याआधी ती मुद्दाम मावशींना विचारायला आली. तो कोण कोण वापरेल, त्याचे पुन्हा पैसे येणार नाहीत, हेही सांगितलं. मावशींनी दोन दिवस घेतले. मग म्हणाल्या, टाका, पण खाली माझं नाव लिहा, पुरं, वडिलांच्या नावासकट.

हे ऐकून सासूबाई बाहेरच्या खोलीतून, "आणि माझ्या पंचवीस घड्या? त्या फुकटच गेल्या म्हणायच्या!"

"नाही आजी, तुझ्यावर तर अख्खं प्रकरण आहे. 'चुका आणि त्यांची कारणं'."

"चुका?" सासूबाई उठून दारात आल्या. "सुरकुती तशीच ठेवून घडी घालायची, हे बरोबर का मग?"